देव उतरवून नेलेली गाडी

१

पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी दुपारी साडेतीन वाजता या वस्तू होत्या: वीस लिटरच्या दुधाच्या किटल्या दोन, रिकाम्या. त्या बांधायच्या रबरी दोऱ्या दोन, गुंडाळलेल्या. रेनकोट एक, घडी घातलेला. कापडी पिशवी एक, तिच्यात दुधाचं माप, पंचा आणि सुटे अठ्ठेचाळीस रुपये. दसऱ्याचा झेंडूचा हार एक, वाळलेला. आणि बोटभर उंचीचा पितळी खंडोबा, ज्या तारेनं तो हँडलला बांधलेला असे त्या तारेसकट. हे सगळं युरियाच्या रिकाम्या पोत्यावर ओळीनं मांडलेलं होतं. मोटारसायकल तेवढी नव्हती.

छकुलीनं ही मोजणी दोनदा केली. बारामतीच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन ती यंदाच बी.एस्सी. झाली होती, आणि एकदाच घेतलेल्या वाचनावर विसंबायचं नाही ही प्रयोगशाळेतली सवय अजून अंगात होती. दोन्ही वेळा आकडा आठच आला.

लोणी भापकरच्या डांबरी रस्त्यापासून मैलभर आत त्यांची वस्ती. सकाळपासून घरातली पाचही माणसं बाजरीच्या मळणीला शेतात गेली होती. परत आल्यावर हे दिसलं. शेडचं दार लोटलेलं होतं, कडी शाबूत होती. गाडीचं हँडल लॉक केलेलं होतं आणि किल्ली नागेशच्या सदऱ्याच्या खिशात होती. सदरा दिवसभर बांधावरच्या बाभळीला टांगलेला होता.

नागेश, तिचा थोरला भाऊ, पोत्यासमोर उकिडवा बसला. त्यानं खंडोबा उचलला, कपाळाला लावला आणि खाली ठेवला.

"चोर असा आवरून जातो व्हय?" तो म्हणाला. "देव काढून ठिवतो? पैसं टाकून जातो? घरातलाच हाय ह्यो."

सगळ्यांनी मल्हारकडे बघायचं टाळलं, त्यामुळे सगळे त्याच्याकडेच बघताहेत असं झालं. धाकटा मल्हार दुपारी बाराला पाणी आणायला म्हणून एकटाच घरी येऊन गेला होता. शिवाय आदल्या संध्याकाळी त्यानं दौंडला जायला गाडी मागितली होती आणि नागेशनं नाही म्हटलं होतं.

"गाडी दिली न्हाय म्हणून गायबच करीन व्हय मी?" मल्हार म्हणाला.

"गाडी आल्यापास्नं जळतोयस तू."

"आन् माझी निवड झाल्यापास्नं तुला घास गिळंना, त्याचं काय?"

"गप बसा दोघं बी," त्यांचे वडील आबाजी म्हणाले. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. एखादं कोकरू हरवलं की आधी कळप मोजायचा आणि मग लांडग्याला दोष द्यायचा, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण इथं मोजायला एकच गाडी होती.

"उद्याचा दिस वाट बघीन. मंगळवारी सकाळी मी ठाण्यात जाणार," नागेश म्हणाला. "संशय कुणावर इचारलं तर नाव सांगणार. भाऊ असला म्हणून काय झालं."

मल्हारचा चेहरा उतरला. दौंडच्या राखीव पोलीस दलात त्याची निवड झाली होती. आठ दिवसांनी वैद्यकीय तपासणी होती आणि ठाण्यातून चारित्र्याची चौकशी यायची होती. चोरीच्या तक्रारीत संशयित म्हणून एकदा नाव चढलं, की भरती संपली.

२

छकुलीला मल्हारची काळजी वाटत होती. पण खरं सांगायचं तर तपासाला ती उठली ती काळजीपोटी नव्हे. तिला वाटत होतं, गाडी वहिनीनं घालवली असावी. वाटत होतं म्हणण्यापेक्षा, तसं निघालं तर बरं, असं तिच्या मनात होतं.

जूनमध्ये तिला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळत होता. वसतिगृहाचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा आबा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. आणि नागपंचमीला दारात नवी मोटारसायकल उभी राहिली. राजनंदिनी वहिनी हिरवं लुगडं नेसून नागेशच्या मागे बसली आणि दोघं बारामतीपर्यंत जाऊन आले. त्या दिवशी छकुली ओट्यावर शेंगा फोडत होती. गाडी नजरेआड होईपर्यंत तिनं एकही शेंग फोडली नाही.

आधी तिनं मल्हारला गाठलं. तो कडब्याच्या गंजीमागे बसला होता.

"बाराला आलास. मग?"

"घागर भरली."

"आणि?"

"आणि काय? गेलो परत."

"मल्ह्या, घागर भरायला अर्धा तास लागत नाही."

त्यानं कडब्याचं एक ताट मोडलं. "शेडात गेलो. गाडीवर बसलो. किल्ली नव्हती, नुसता बसलो. आरसा माझ्या मापाचा करून बघितला आन् परत फिरवून ठिवला. कुणाला सांगू नको. हसतील."

"म्हणजे बाराला गाडी होती."

"व्हती की. किटल्या बांधलेल्या, देव जागेवर. सगळं होतं तसं."

"नंतर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही?"

"मळणीयंत्र चालू असताना? कानाशी बोललेलं ऐकू येत नव्हतं."

मग ती नागेशकडे गेली. तो शेडच्या दारात उभा राहून रिकाम्या जागेकडे बघत होता.

"दादा, गाडीबरोबर किल्ल्या किती मिळाल्या?"

"एकच. का?"

"माझ्या सायकलच्या कुलपालासुद्धा दोन मिळाल्या होत्या."

"सायकलीला मिळत असतील. गाडी घेताना त्या विराजनं जिथं बोट ठिवलं तिथं मी सह्या केल्या. किती केल्या ते बी आठवत न्हाय. शेवटाला त्यानं एक किल्ली हातात दिली, पेढा दिला, फोटू काढला."

विराज म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याचं ऑफिस इंदापूरला होतं, पण तो बारामतीच्या शोरूममध्ये टाय लावून बसायचा. छकुलीनं त्याचा विचार तिथंच सोडून दिला, कारण तेवढ्यात तिची नजर पोत्यावरच्या रेनकोटवर गेली. बाह्या आत दुमडून, कॉलर वर ठेवून घातलेली घडी. घरात अशी घडी एकच बाई घालायची.

३

राजनंदिनी चुलीपुढे भाकरी थापत होती. छकुली दारातच उभी राहिली.

"वहिनी, दुपारी एकच्या सुमाराला तुम्ही शेतात दिसला नाहीत."

"ओढ्यावर गेले व्हते. डोळ्यात भुसा गेला."

"रेनकोटची घडी तुमची आहे."

"माझीच. आठ दिसांमागं पाऊस सरला तवा घातली आन् किटलीवर ठिवली. कुणीतरी हाय तशी उचलून पोत्यावर ठिवली." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "अजून काय इचारायचंय?"

राजनंदिनीनं पुढचा गोळा परातीत घेतला.

"वन्सं, खरं बोलू? गाडी मी चोरली असली तर तुमाला बरं वाटंल."

छकुलीनं दाराची चौकट धरली.

"मला दिसतं की. मी गाडीवर बसले की तुमी घरात जाता. तुमाला वाटतं तुमचं पुणं गाडीपायी राहिलं. तुमचं पैसं आबांनी विहिरीच्या मोटारीला घातलं, मोटार जळाली तवा. गाडीला माझी बोरमाळ गेली. माहेरची. ती मोडली त्या दिवशी मी बी शेंगाच फोडत बसले व्हते, फक्त तुमी बघितलं न्हाय."

तव्यावरची भाकरी फुगली. राजनंदिनीनं ती निखाऱ्यावर सरकवली.

छकुलीला पाटावर बसावंसं वाटलं, पण ती उभीच राहिली. तिनं विचारलं, "दादा शेतावर गाडी नेतो ना रोज? आज का नाही नेली?"

"न्यायचीच व्हती. मानसिंग भावजी म्हणाले, मळणीच्या धुरळ्यानं नव्या इंजिनाची वाट लागंल, घरी ठेव."

"आणि मळणी तर मंगळवारी होती."

"व्हय. काल सांजला त्यांनीच निरोप धाडला, यंत्र उद्याच आणतो म्हणून." राजनंदिनी भाकरी उलटताना थांबली. "एक सांगू? त्यो टायवाला विराज. महिन्याभरात दोनदा भावजींच्या गिरणीवर बघितला मी. दळण घिऊन गेले तवा. इथवर आला, पर आपल्या वस्तीवर आला न्हाय. आन् मला बघून हसला बी न्हाय. गाडी देताना तर किती हसत व्हता."

४

मानसिंग म्हणजे त्यांचा चुलत भाऊ. डांबरी रस्त्यावर त्याची पिठाची गिरणी होती, मळणीयंत्र होतं आणि जुनी, एका बाजूला कलणारी स्कूटर होती. नागेशच्या कर्जाला जामीन तोच होता.

छकुली गिरणीवर पोचली तेव्हा पाच वाजले होते. मानसिंग शेतातून यंत्र घेऊन पलीकडच्या वाटेनं परस्पर गिरणीवर आला होता आणि आता पट्ट्याला राळ लावत होता. वस्तीवरून रस्त्याकडे आलेलं छकुली हे पहिलंच माणूस.

"मानसिंगदादा, नागेशदादाची गाडी गेली."

"आं?" त्यानं राळेचा खडा खाली ठेवला. "कवा?"

"दुपारी. आपण शेतात होतो तेव्हा."

"काय सांगतीस. नवीकोरी गाडी." तो पिठानं पांढऱ्या झालेल्या बाकावर बसला. "मल्हार असंल. रागात करतो माणूस या वयात. नागेशला म्हणावं, पोलिसात जाऊ नको. घरातली गोष्ट घरात मिटवा. पोराच्या नोकरीचा सवाल हाय."

"दादा ऐकायचा नाही."

"ऐकंल. आन् दुधाची काळजी करू नका म्हणावं. किटल्या राहिल्यात न्हवं, मी घालीन स्कूटरवरून डेअरीला, दोन-चार दिस."

"तो विराज तुमच्याकडे येतो का हो?"

"कोण कोण येतं गिरणीवर. जात्याच्या आवाजात ध्यान कुणाचं असतं?"

परतीच्या वाटेवर सूर्य समोर होता आणि तिला डोळ्यांवर हात धरावा लागत होता. निम्म्या वाटेवर ती थांबली. गाडी गेली, एवढंच तिनं सांगितलं होतं. किटल्या रोज गाडीलाच बांधलेल्या असत. गाडी गेली म्हटल्यावर किटल्याही गेल्या असंच कोणीही धरून चालेल. त्या राहिल्यात हे मानसिंगला कसं कळलं?

५

सोमवारी सकाळी ती इंदापूरला निघाली. राजनंदिनी न विचारता बरोबर आली. बारामतीच्या स्टँडवर एसटी बदलली, तेव्हा दोघींना शेजारी जागा मिळाली.

"मला एक कळत न्हाय," राजनंदिनी म्हणाली. "भावजींनी गाडी चोरली म्हणावं, तर ते दिवसभर आपल्या म्होरं यंत्रावर उभे व्हते."

"त्यांनी नाही चोरली. कोणीच चोरली नाही." छकुली खिडकीच्या गजावर बोट फिरवत बोलत होती. "पोत्यावर काय राहिलं ते बघा. जे गाडीचं नव्हतं ते सगळं राहिलं. जे गाडीचं ते गेलं, सीटखालचे पान्हेसुद्धा. चोर असा निवडत बसत नाही, तो पैसे आधी उचलतो. ज्याला गाडी आपलीच आहे असं वाटतं आणि दुसऱ्याच्या एका रुपयाचा आळ नको असतो, तो असं निवडतो. आणि त्याच्याकडे किल्ली असते."

राजनंदिनीनं पदर नीट केला. "म्हणजे टायवाला."

"पण का नेली, ते कळत नाही. दोन हप्ते तर आपण आगाऊ भरलेत."

इंदापुरात सोलापूर रस्त्याला लागून टायरचं दुकान होतं आणि त्याच्या मागे तारेचं कुंपण घातलेली जागा. आत पंधरा-वीस मोटारसायकली, दोन रिक्षा, एक ट्रॅक्टर. तिसऱ्या ओळीतल्या गाडीच्या हँडलवर तार बांधल्याची रेघ होती आणि टाकीवर हळदीचा डाग. राजनंदिनी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. हात मात्र लावला नाही.

ऑफिसात विराज होता. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर खिळ्यांच्या ओळी होत्या आणि प्रत्येक खिळ्याला नंबराची चिठ्ठी बांधलेली एकेक किल्ली.

"बसा ना मॅडम. चहा मागवू?"

"गाडी कशासाठी आणलीत?"

"दोन चेक परत आले. सप्टेंबरचा आणि ऑक्टोबरचा."

"ते दोन हप्ते आम्ही गाडी घेतानाच भरलेत. आगाऊ."

विराज समजुतीनं हसला. "सगळे असंच समजतात. आगाऊ हप्ते शेवटून धरतात मॅडम. तेविसावा आणि चोविसावा. पहिला हप्ता पहिल्या महिन्यालाच."

छकुलीला नागेश डोळ्यासमोर दिसला. डेअरीची उचल पुढच्याच बिलातून कापतात. गिरणीत आगाऊ पैसे ठेवले की पुढचंच दळण त्यात जातं. त्याच्या आयुष्यात आगाऊ दिलेला-घेतलेला पैसा नेहमी सगळ्यात आधी फिटत आला होता. म्हणून दोन महिने चेकपुरते पैसे खात्यात भरायला तो बँकेकडे फिरकलाही नव्हता.

"हे त्याला कोणी सांगितलं होतं?"

"करारात आहे. पान चार."

"करार इंग्रजीत आहे."

"करार इंग्रजीतच असतो. सही मराठीत केलीय त्यांनी, ती चालते आम्हाला."

"वस्तीवर येऊन सांगायला काय झालं व्हतं?" राजनंदिनी म्हणाली.

"दोनदा आलो होतो वहिनी. जामीनदारांच्या गिरणीवर निरोप दिला. ते म्हणाले, नागेशकडे पैसे नाहीत, तो गाडी पाहुण्यांकडे लपवायच्या बेतात आहे, तुम्ही वस्तीवर गेलात तर अंगावर धावून येईल. रविवारी गाडी शेडमध्ये असेल आणि माणसं शेतात असतील, हेही त्यांनीच कळवलं. सामान काढून ठेवा, देवाला हात लावताना बूट काढा, इतकं सांगितलं. असा सहकार्य करणारा जामीनदार सहसा मिळत नाही."

"व्हय," राजनंदिनी म्हणाली. "लई सहकार्य."

दोन थकलेले हप्ते, चेक परत आल्याचा दंड आणि गाडी आणायचा खर्च भरला तर गाडी मिळणार होती. नाहीतर पंधरा दिवसांनी लिलाव. छकुलीनं गाडी कंपनीनं नेल्याची सही-शिक्क्याची पावती मागितली. विराजनं थोडी टाळाटाळ केली. मग तिनं विचारलं, की गाडी उचलली की ठाण्याला कळवावं लागतं, ते कळवलं आहे का. विराजनं टायची गाठ सैल केली आणि पावती लिहून दिली. गाडी आणायचा खर्चही खोडला.

त्या निघताना त्यानं ड्रॉवरमधून एक चकचकीत कागद काढला. "तुम्ही ग्रॅज्युएट दिसता. आमच्याकडे आता क्रेडिट कार्डसुद्धा आलंय. पहिलं वर्ष अगदी फुकट."

"दुसरं वर्ष?"

"नको असेल तर तुम्ही कळवायचं."

"आणि नाही कळवलं तर?"

"मग वर्षाची फी लागते. पण मॅडम, महिन्याला थोडीशीच रक्कम भरायची, पाच टक्के."

"उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांवर व्याज किती?"

"ते बघावं लागेल."

"बघून ठेवा," छकुली म्हणाली.

६

संध्याकाळी आबांनी मानसिंगला बोलावून घेतलं. तो ओट्याच्या कडेला बसला. नागेश खांबाला टेकून उभा होता, मल्हार उंबऱ्यात. छकुलीनं आधी इंदापूरची पावती आबांच्या हातात दिली आणि गाडी कुठे आहे ते सांगितलं. मग ती मानसिंगकडे वळली.

"मळणी मंगळवारची रविवारी तुम्ही आणली. गाडी घरी ठेवायला तुम्ही सांगितलं. यंत्राच्या आवाजात गाडी सुरू झालेली ऐकू येणार नव्हती. किटल्या राहिल्यात हे मी सांगायच्या आधी तुम्हाला ठाऊक होतं. आणि पोलिसात जाऊ नका म्हणालात, कारण ठाण्यातून कंपनीला एक फोन गेला असता की सगळं उघड झालं असतं. विराजचा निरोप दोनदा तुमच्याकडे आला. वस्ती मैलभर आहे. तुम्ही नुसते चालत आला असता तरी दादानं हप्ते भरले असते."

मानसिंग बराच वेळ हातावरचं पीठ झटकत राहिला. पीठ कधीच निघून गेलं होतं.

"तीन गाड्या चालवल्या मी," तो शेवटी म्हणाला. "तिन्ही दुसऱ्यांच्या. कुणी टाकलेल्या, मी दुरुस्त केलेल्या. गिरणी माझी, यंत्र माझं. आन् हा दोन किटल्या दूध घालणारा एकदम नवी गाडी आणतो. वर मलाच जामीन राहायला सांगतो. माझ्या सहीवर आणली त्यानं ती गाडी. रोज सकाळी गिरणीवरून जाताना हॉर्न वाजवायचा."

"रामराम म्हणून वाजवायचो," नागेश म्हणाला.

"ठावं हाय."

"आन् पोराचं?" आबांचा आवाज चढला नाही. "त्याचं नाव गेलं असतं त्याचं?"

"म्हणूनच म्हणालो की, पोलिसात जाऊ नका."

"म्हणजे घरात त्यो जन्मभर चोर राहिला असता. तेवढं चाललं असतं तुला."

मानसिंगनं मान खाली घातली.

"एक तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही," छकुली म्हणाली. "गाडी लिलावात निघाली असती अठरा-वीस हजाराला. कर्जातलं उरलेलं कंपनी कोणाकडून घेणार होती?"

"नागेशकडनं."

"दादाकडून, नाहीतर जामीनदाराकडून. कोण आधी सापडेल त्याच्याकडून. वस्ती मैलभर आत आहे. गिरणी रस्त्यावर आहे."

मानसिंगचा हात मांडीवर तसाच राहिला. उंबऱ्यात मल्हार हसला, आणि मग हसू आल्याबद्दल त्यालाच वाईट वाटल्यासारखा आत गेला.

"गाडी देताना त्यो टायवाला व्याज पंधरा टक्के म्हणाला व्हता न्हवं?" आबांनी विचारलं. "ते तरी खरं हाय का?"

छकुलीनं कोनाड्यातून लॉग टेबल आणि पेन्सिल आणली. "कर्ज तीस हजार म्हणाले. त्यातनं सोळाशे पंचवीसचे दोन हप्ते आधीच घेतले, साडेसातशे कागदपत्रांचे घेतले. खरे मिळाले सव्वीस हजार. व्याज मात्र पुऱ्या तीस हजारांवर लावलं, आणि तेही दोन्ही वर्षं, आपण फेडत आलो तरी. सव्वीस हजारांना बावीस हप्ते." ती लिहीत गेली. एक दर धरला, जास्त निघाला. दुसरा धरला, थोडा कमी पडला. मधला घेतला. राजनंदिनीनं कंदील जवळ सरकवला आणि आकडे कळत नसतानाही शेवटपर्यंत बघत राहिली.

"दरसाल साडेपस्तीस टक्के," छकुली म्हणाली.

नागेश खांबापासून सरळ झाला. "मला सांगितलं असतंस तवा."

"तेव्हा मी तुझ्याशी बोलत नव्हते."

"का?"

छकुलीनं राजनंदिनीकडे बघितलं. "गाडीपायी," ती म्हणाली. राजनंदिनीनं कंदिलाची वात नीट केली.

७

मंगळवारी नागेश ठाण्यात गेला नाही. डेअरीतून पंधरवड्याचं बिल उचललं आणि इंदापूरला गेला. दिवाळीचे कपडे त्या बिलात होते, ते राहिले. मानसिंग त्याच्याबरोबर गेला. स्कूटरचं पेट्रोल त्याचं होतं. त्यापुढे दोघांत काय बोलणं झालं ते घरात कोणाला कळलं नाही. संध्याकाळी गाडी शेडमध्ये आली. नागेशनं खंडोबा तारेनं पुन्हा हँडलला बांधला.

चौकशीचा पोलीस शुक्रवारी आला, चहा प्याला, आबांना चार प्रश्न विचारले. गावात मल्हारविरुद्ध काही तक्रार नव्हती.

तपासणीत छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढायला हवी होती. त्या आठवड्यात मल्हार धड जेवला नव्हता. रविवारी अंगणात छकुलीनं वहिनीच्या शिवणाच्या टेपनं मोजली, तेव्हा साडेचारच भरली.

"खांदं उचलू नको," नागेश बाजेवरून म्हणाला. "बरगड्या उघड. पखाल भरतात तशी. हळू."

"तू कर की मग."

"मी कशाला करू? नोकरी तुला लागलीया."

"जळतोयस?"

"जळतोय तर," नागेश म्हणाला. "आता परत घे श्वास."

सोमवारी पहाटे नागेशनं किल्ली मल्हारच्या हातात दिली आणि स्वतः मागे बसला. छकुली आणि राजनंदिनी एसटीनं दौंडला गेल्या. पोरं रांगेत उघड्या अंगानं उभी होती. बाहेर व्हरांड्यात नागेश खिडकीचे गज धरून उभा होता, आणि आपणही श्वास कोंडून धरला आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं. डॉक्टरनं टेप लावली, वाचली, मग कंपाउंडरला दुसऱ्यांदा लावायला सांगितली आणि आकडे मोठ्यानं उच्चारले.

न फुगवता एकोणऐंशी सेंटिमीटर. फुगवून साडेचौऱ्याऐंशी.